बाबांच्या बायॉप्सीत 'आयएफटीए ४० टक्के' आलंय, किडनीत वण पडतो म्हणजे आत नक्की होतं काय?

कृष्णाकाठ_७९ (सांगली)

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबणार आहे, आधीच माफी मागतो. आमचे बाबा, वय ६१, शुगर १४ वर्षं, बीपी त्याच्या आगेमागेच लागलेलं. क्रिएटिनिन दोन वर्षांत १.५ वरून २.३ वर गेलं, ईजीएफआर म्हणजे किडनीची गाळायची ताकद, ती ३१ येतेय, लघवीतलं प्रोटीन म्हणजे ते एसीआर ९०० च्या घरात. डोळ्याच्या डॉक्टरांनी पडदा एकदम साफ आहे म्हणून सांगितलं त्यामुळे किडनीच्या डॉक्टरांना शंका आली की हे शुगरचंच आहे का आणखी काही, म्हणून मिरजेत बायॉप्सी केली. सुई टोचणार म्हणून बाबा आदल्या रात्री डोळा लावले नाहीत आणि प्रत्यक्षात काम झटक्यात झालं, नंतर दिवसभर उताणं झोपवून ठेवलं त्याचाच त्यांना जास्त वैताग आला.

रिपोर्टमध्ये शुगरचंच निघालं. पण खाली एक ओळ आहे, 'आयएफटीए ४० टक्के'. ती काय म्हणून विचारलं तर डॉक्टर म्हणाले किडनीत वण पडलेत, ते काय जात नाहीत, आहे ते सांभाळायचं. बाहेर तीसेक पेशंट बसलेले, त्यामुळे पुढं विचारायला मलाच लाज वाटली.

माझं डोकं अडकलंय ते इथं. गुडघा फुटला, खपली धरली, खपली पडली, वण राहिला, विषय संपला. लहानपणी सायकलवरून आपटलो त्याचा वण माझ्या कोपरावर आहे, तो काय दरवर्षी वाढत खांद्यापर्यंत नाही गेला. मग किडनीतला वण वाढत का जातो? गेलं वर्षभर बाबांची शुगर चांगली आहे, एचबीएवनसी ६.८, बीपी १३० च्या आत, तरी हे चालूच कसं? आणि डायरेक्ट वणावरच औषध का नाही? बीएस्सी केमिस्ट्री केलीय, आता दुकान बघतो, त्यामुळे रेणूबिणू घालून सांगितलं तरी चालेल, फक्त "किडनी आकसलीय" एवढ्यावर सोडू नका.

अजून एक, आत्या रोज सकाळी बाबांना हळदीचा काढा देत्यात, वर हळदीच्या कॅप्सूल. सांगलीत राहून हळदीवर शंका घ्यायची म्हणजे घरात महाभारत, पण विचारून ठेवतो.


स्लाइडवाली_ताई (मिरज)

दादा, मी पॅथॉलॉजीत आहे, असल्या स्लाइडी रोज बघते. तुमच्या बाबांची मी बघितलेली नाही त्यामुळे त्यांच्याबद्दल ठाम काही बोलणार नाही, पण ती ओळ फोडून सांगते. आयएफटीए म्हणजे इंटरस्टिशियल फायब्रोसिस अँड ट्युब्युलर अ‍ॅट्रॉफी, नळ्यांमधल्या जागेतला वण आणि सुकलेल्या नळ्या.

एका किडनीत सरासरी दहा लाख नेफ्रॉन धरा. प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुंता म्हणजे गाळणी, आणि तिच्या मागं लांबच लांब वळणावळणाची नळी. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास गाळतात आणि नळ्या त्यातलं जवळपास सगळं परत ओढून घेतात, उरतं ते दीड-दोन लिटर, ती लघवी. निरोगी किडनीत नळ्या इतक्या दाटीवाटीनं बसलेल्या असतात की मधे जागा दिसतच नाही, असते ती केशवाहिनी आणि दोन-चार धागे. आम्ही ट्रायक्रोम नावाचा रंग देतो, त्यात कोलॅजन, म्हणजे वण ज्याचा बनतो ते धाग्यासारखं प्रोटीन, निळं दिसतं. चांगल्या किडनीत लालसर नळ्या आणि मधे बारीक निळी रेघ. वण पडलेल्या जागी निळंच निळं, आणि त्यात सुकलेल्या, जाड कडेच्या, आत काहीच काम न करणाऱ्या नळ्या. कॉर्टेक्सचा, म्हणजे किडनीच्या बाहेरच्या थराचा, किती भाग असा झालाय त्याचा डोळ्यांनी केलेला अंदाज म्हणजे तुमचे ४० टक्के. अंदाज म्हणतेय ते लक्षात घ्या, दोन धाग्याएवढे तुकडे असतात, मी ४० म्हणेन तर शेजारच्या टेबलवरची मैत्रीण ३५ म्हणेल. याचा अर्थ ४० टक्के किडनी गेली आणि ६० टक्के नवी कोरी आहे असाही होत नाही.

मजा अशी की आजार सुरू होतो बहुतेक वेळा गाळणीत, पण किडनी किती टिकेल हे जास्त बरोबर सांगतो तो नळ्यांमधला वण. हे १९६८ सालापासून माहीत आहे, गाळण्या बघून अंदाज चुकायचा आणि नळ्यांमधली जागा बघून जुळायचा.

आता तुमचा गुडघा. गुडघा एकदाच फुटतो. किडनीला मार रोज बसतो, आणि तोही आतून. गाळणी गळायला लागली की जे प्रोटीन रक्तात राहायचं ते नळीत उतरतं, नळीच्या पेशी ते गिळत बसतात, गिळून गिळून त्यांचा जीव जातो, आणि त्या ओरडायला लागतात म्हणजे दाह वाढवणारी रसायनं बाहेर टाकतात. पूर्वी आम्हाला शिकवलं होतं की नळी बिचारी गाळणीच्या चुकीमुळं मरते. आता चित्र बदललंय, नळीही टोळीत सामील आहे. मार बसला की शेजारच्या पेशी विभागून खड्डा भरतात, हे चांगलंच. पण मार फार मोठा किंवा सारखा असला तर काही पेशी मधेच अडकतात, डीएनए दुप्पट करून ठेवलाय आणि दोन व्हायचं काम पुढं सरकत नाही, त्याला जी२-एम म्हणतात. २०१० मध्ये बॉस्टनच्या बोनव्हेंटर यांच्या गटानं उंदरात दाखवलं की ह्या अडकलेल्या पेशीच वण घडवणारे संदेश सोडत राहतात. मरतही नाहीत, कामही करत नाहीत, नुसता आरडाओरडा.

त्यातला मुख्य संदेश टीजीएफ-बीटा. केमिस्ट्रीवाले आहात म्हणून सांगते, हा रेणू काय बाहेरून येत नाही, पेशींच्या मधल्या जाळीत आधीपासूनच भरपूर पडलेला असतो, पण मुसकं बांधलेल्या बैलासारखा, दुसऱ्या एका प्रोटीननं त्याचं तोंड बंद केलेलं असतं. दुखावलेल्या नळीच्या पेशीवर इंटिग्रिन नावाचं एक आकड्यासारखं प्रोटीन वाढतं, ते हे मुसकं ओढून काढतं. बैल सुटला की शेजारच्या पेशीच्या रिसेप्टरवर बसतो, आत स्मॅड२ आणि स्मॅड३ ला फॉस्फेट लागतो, ते स्मॅड४ ला बरोबर घेऊन केंद्रकात जातात आणि कोलॅजन, फायब्रोनेक्टिन यांचे जीन चालू करतात. त्याच वेळी पीएआय-१ नावाचं प्रोटीनही वाढतं, ते जुनी जाळी साफ करणाऱ्या एन्झाइमांना अडवतं. म्हणजे बांधकाम चालू आणि झाडलोट बंद. ह्याला एक ब्रेक पण आहे, स्मॅड७, पण आजारी किडनीत तो ब्रेकच झिजलेला सापडतो.

काढ्याचं नंतर लिहिते, ड्युटी आहे.


कृष्णाकाठ_७९

ताई खूप आभार, मुसकं वाचून बाबा स्वतः हसले, त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतोय सगळं. पण हे कोलॅजन तयार कोण करतं? नळीच का? आणि थांबत का नाही, माझा मूळ प्रश्न तोच राहिला.


अजिंक्यतारा_लॅब (साताऱ्याची, सध्या पुण्यात)

मी ह्याच विषयाच्या आसपास पीएचडी करते, उंदरांवर. आईला कांदी पेढे आणि गाईडला डेटा, दोन्ही वेळेवर पोचवायचं एवढंच आयुष्य उरलंय. ताईंनी मस्त मांडलंय, त्यापुढं लिहिते.

कोण तयार करतं यावर आमच्या क्षेत्रात बरीच वर्षं भांडण झालं. नव्वदच्या दशकापासून एक मत जोरात होतं की नळीच्याच पेशी रूप बदलून फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजन बनवणाऱ्या पेशी, होतात. पुस्तकातसुद्धा छापलं गेलं. मग उंदरांमध्ये पेशींना जन्मापासून रंगाची खूण करून ठेवायचं तंत्र आलं, २०१० च्या सुमारास तसं बघितलं तर नळीची खूण असलेली पेशी वणात जवळपास सापडेचना. सापडल्या त्या केशवाहिनीला बाहेरून मिठी मारून बसलेल्या पेरिसाइट आणि त्यांच्या आसपासचे साधे फायब्रोब्लास्ट. २०२१ मध्ये माणसांच्या किडन्यांमधली एकेक पेशी वेगळी करून वाचली तेव्हाही तेच निघालं. नळीच्या पेशी अर्धवट रूप बदलतात हे खरं, पण जागा सोडत नाहीत, तिथंच बसून संदेश देतात. म्हणजे ओरडणारे वेगळे आणि गवंडी वेगळे.

आता हे पेरिसाइट नीट समजून घ्या, कारण तुमच्या "थांबत का नाही"चं निम्मं उत्तर इथं आहे. तासगावकडची द्राक्षबाग डोळ्यासमोर आणा, वेल उभी आहे ती मांडवाच्या जिवावर, अँगल आणि तारा. केशवाहिनीचा मांडव म्हणजे पेरिसाइट. टीजीएफ-बीटा आणि पीडीजीएफ हे संदेश आले की हा अँगल आपली जागा सोडून चालायला लागतो, नळ्यांच्या मधे जातो, अंगात ताकदीचे धागे भरतो, अल्फा-एसएमए म्हणतात, आणि कोलॅजन ओतायला लागतो. त्याचं आताचं नाव मायोफायब्रोब्लास्ट. इकडं मांडव गेल्यावर वेल कोसळते, केशवाहिनी बंद पडते. किडनीला हृदयाच्या एकूण रक्तातलं वीस-पंचवीस टक्के मिळतं, पण नळ्यांना प्राणवायू ह्या बारीक वाहिन्यांतूनच मिळतो. वाहिनी गेली, वर मधे कोलॅजनची भिंत, नळी गुदमरली. गुदमरलेली नळी पुन्हा ओरडली. ओरडली की अजून पेरिसाइट निघाले. आलं का लक्षात, सुरुवातीला शुगर होती, पण आता वणच पुढचा वण पाडायला लागलाय, शुगर ६.८ असली काय नि ८ असली काय. म्हणजे फरक पडत नाही असं नाही हो, पडतो, हे वाचून गुळाचा चहा चालू करू नका.

दुसरं निम्मं उत्तर इंधनाचं. नळीचा पहिला भाग म्हणजे चोवीस तास चालणारा कारखाना, आणि तो साखरेवर नाही, मुख्यतः चरबीवर चालतो, मायटोकॉन्ड्रियानं खच्चून भरलेला असतो. २०१५ मध्ये सुस्टाक यांच्या गटानं दाखवलं की वण पडलेल्या किडनीत, उंदरात आणि माणसात दोन्हीकडं, चरबी जाळायचे जीनच मंदावलेले असतात. चरबी जळत नाही, पेशीत साठून राहते, ऊर्जा कमी पडते, पेशी सुकते. आणि ते मंदावणारा कोण, तर परत आपला टीजीएफ-बीटा.

तिसरं थोडक्यात: कोलॅजनच्या दोऱ्या लायसिल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम एकमेकींना सांधतं, मग जागा कडक होते. कडक जागेवर बसलेला मायोफायब्रोब्लास्ट त्या कडकपणामुळंच अजून चेततो, यॅप नावाचा रेणू केंद्रकात जाऊन परत तेच जीन उघडतो. काचेच्या प्लेटवर वाढवलेल्या पेशी आपोआप मायोफायब्रोब्लास्ट का होतात याचं उत्तर हेच, काच कडक असते, आम्ही पहिल्या वर्षी ह्याच्यापायी तीन महिने घालवले.

गुडघ्यात गवंडी काम संपल्यावर मरतात. घाव भरला, मुकादम "बास" म्हणाला, मायोफायब्रोब्लास्ट ठरवून स्वतःला संपवतात, मऊ वण उरतो. किडनीत "बास" म्हणणारा कोणी येतच नाही.


वाळव्याचा_आण्णा

पोरीनं आन ताईनं लई भारी सांगितलंय. मला इंग्रजी नावं कळली न्हाईत पण गोष्ट कळली, कारण आमच्या रानात हेच झालंया. नदीकाठचं रान, पाणी भरपूर, वडिलांनी आन मी उसाला दाबून पाणी पाजलं, पाजलं म्हंजे किती, मोटर बंदच केली न्हाई. पंधरा-वीस वर्सं ऊस डोक्यावर गेला. मग एका कोपऱ्यात पांढरं मीठ दिसाय लागलं. आमी म्हटलं चार सऱ्या गेल्या तर गेल्या. पण एका कोपऱ्याचं चोपण झालं की तिथला निचरा बंद, पाणी बाजूच्या सऱ्यांत साठतंय, मग त्या सऱ्या चोपण. नंतर पाणी कमी केलं तरी ते सरकतच ऱ्हायलं. मला वाटतं किडनीचं असंच हाय.

माझा धाकटा भाऊ डायलिसिसवर हाय, आठवड्याला दोनदा, महात्मा फुले योजनेतनं. त्येला कुणी हे असं सांगितलंच न्हाई. गुडघे दुखतात म्हणून दुकानातनं गोळ्या आणून खायचा, पाच-सहा वर्सं.


स्लाइडवाली_ताई

आण्णा, तुमची उपमा मी उद्यापासून विद्यार्थ्यांना सांगणार आहे, परवानगी गृहीत धरते. आणि ती तुम्हाला वाटते त्याहून जास्त जुळते. जे नेफ्रॉन गेले त्यांचं काम उरलेल्यांवर पडतं, ते बिचारे जास्त दाबानं जास्त गाळतात, सुरुवातीला क्रिएटिनिन हलतही नाही त्यामुळं, ऊस डोक्यावर. अर्धं काम जाईपर्यंत रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो. ब्रेनर यांनी १९८२ मध्ये हेच मांडलं की हा जास्तीचा दाबच उरलेल्या गाळण्यांना मारतो.

भावाच्या गोळ्यांबद्दल वाईट वाटलं. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या गाळणीकडं येणारी रक्तवाहिनी आवळतात, एखाद दुसऱ्या वेळी धडधाकट माणसाला काही होत नाही, पण आधीच अडचणीत असलेल्या किडनीला वर्षानुवर्षं दिल्या की हळूहळू वण. त्याच एका कारणानं झालं असं मात्र इथून कुणालाच म्हणता येणार नाही.

हळदीचं. दादा, आत्यांना सांगायची जबाबदारी तुमची. हळदीतलं कर्क्युमिन पेशींवर आणि उंदरांवर खरंच काम करतं, टीजीएफ-बीटा, दाह, सगळं कमी दिसतं, त्यामुळे मोबाईलवर येणारे ते फॉरवर्ड पूर्ण खोटे नसतात. अडचण अशी की तोंडानं घेतलेलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम पोचतं. कॅनडात किडनीच्या पेशंटवर जास्त शोषलं जाणारं कर्क्युमिन देऊन नीट चाचणी झाली, सहा महिन्यांत ना प्रोटीन कमी झालं ना ईजीएफआर सुधारला. उलट हळदीत ऑक्झॅलेट बरंच असतं, मोठ्या मात्रेत कॅप्सूल किंवा पावडर घेऊन किडनीत ऑक्झॅलेटचे खडे-स्फटिक साचल्याच्या केसेस छापून आल्यात. भाजीतली, आमटीतली हळद खुशाल खा. काढा आणि कॅप्सूल बंद. आणि हळदीच्या नावाखाली कुणी भस्मबिस्म देत असेल तर ते आधी बंद, पारा असलेल्या औषधांनी गाळणीचा एक वेगळाच आजार होतो, वेल्लोरच्या डॉक्टरांनी त्यावर चांगलं काम केलंय.


पेव_हरिपूर

सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन मिळालंय २०१८ ला, जरा जपून बोला ताई 😄 आमच्याकडं जमिनीखाली पेवात हळद ठेवायचे, वर्षानुवर्षं कीड लागायची नाही, २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली. आजोबा ९१ पर्यंत जगले, रोज हळद-दूध.


स्लाइडवाली_ताई

तुमच्या आजोबांना ईजीएफआर ३१ नव्हता, एवढंच म्हणेन.


मेडिकलवाला_इस्लामपूर

मी औषधाचं दुकान चालवतो, डॉक्टर नाही, बी.फार्म. "वणावर औषध का नाही" ह्यावर बोलतो. वणावर थेट नाही, पण जे मार मारतंय त्यावर आहे, आणि गेल्या पाच-सात वर्षांत ते बरंच बदललंय. सगळ्यात जुनं म्हणजे रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन ह्या जातीच्या गोळ्या. लोकांना वाटतं ह्या नुसत्या बीपीच्या. अहो ह्या गोळ्या ज्याला अडवतात तो अँजिओटेन्सिन-२ हा हार्मोन गाळणीत दाब तर वाढवतोच पण स्वतः टीजीएफ-बीटाही वाढवतो, त्यामुळे ह्या गोळ्या दोन्हीकडनं काम करतात. १९९३ ला कॅप्टोप्रिलनं आणि २००१ ला लोसार्टननं शुगरच्या किडनीत ते सिद्ध झालं.

मग आल्या ग्लिफ्लोझिन, मूळच्या शुगरच्या गोळ्या. डॅपाग्लिफ्लोझिनची मोठी चाचणी २०२० ला आली, ४३०४ पेशंट, किडनी ढासळणं किंवा डायलिसिस किंवा किडनी-हृदयाच्या आजारानं मृत्यू हे सगळं मिळून ३९ टक्के कमी, आणि त्यात शुगर नसलेलेही पेशंट होते. त्याच वर्षी भारतात पेटंट संपलं आणि दुसऱ्या कंपन्यांचा माल आला, पूर्वी ज्या गोळीला लोक किंमत ऐकून परत जायचे ती आता कुणीही घेऊ शकतो. तिसरी फिनेरेनॉन, अल्डोस्टेरॉन नावाच्या हार्मोनचा रिसेप्टर अडवते, हा रिसेप्टर दाह आणि वण दोन्हीला खतपाणी घालतो, पण ती घेताना पोटॅशियम तपासत राहावं लागतं, आणि खिशालाही अजून जड आहे.

माझ्या काउंटरवरची खरी रड वेगळी आहे. ग्लिफ्लोझिन किंवा टेल्मिसार्टन सुरू केलं की पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वर जातं. गाळणीतला दाब उतरला म्हणून जातं, औषध लागू पडतंय याचीच ती खूण असते बहुतेकदा. आण्णांच्या भाषेत मोटरीचा दाब कमी केला. पण घरच्यांच्या पोटात गोळा येतो आणि गोळी परस्पर बंद. वर तीच माणसं गुडघ्यासाठी पेनकिलर मागायला येतात.


कृष्णाकाठ_७९

आता खरं सांगतो. बाबांची ती डॅपावाली गोळी मीच बंद केली, मार्चमध्ये. २.३ चं २.६ झालं होतं. नेटवर कुठंतरी वाचलं आणि घाबरलो, डॉक्टरांना फोन केला नाही कारण फोन लागत नाही. नंतर परत २.३ आलं तेव्हा मला वाटलं मी किडनी वाचवली. 🤦


मेडिकलवाला_इस्लामपूर

राव, तुम्ही एकटे नाही. २.३ चं २.६ म्हणजे तेरा टक्के. साधारण तीस टक्क्यांपर्यंतची वाढ चालवून घेतात, त्याच्या पुढं गेलं तर मात्र शोधावं लागतं, जुलाब झालेत का, पाणी कमी पडलं का, किडनीची वाहिनीच अरुंद आहे का. पण स्वतःहून बंद केली तशी आता स्वतःहून चालू करू नका. डॉक्टरांना भेटा, बंद केली होती हे न लाजता सांगा. आणि उलट्या-जुलाब, कडक उपास किंवा ऑपरेशन असेल तेव्हा ती गोळी थांबवायची असते हेही विचारून घ्या.


अजिंक्यतारा_लॅब

मी पण सांगते, माझ्या स्वतःच्या मामांनी हेच केलं होतं आणि मी पीएचडी करतेय ह्याच विषयात.

थेट वणावरच्या औषधाचं राहिलं. प्रयत्न झालेत हो. टीजीएफ-बीटा१ ला पकडणारं अँटिबॉडी शुगरच्या किडनीवर वापरून बघितलं, चारशेच्या वर पेशंट होते, फायदा दिसेना म्हणून चाचणी मधेच थांबवली. सूक्ष्म आरएनए-२१ अडवणारं औषध अल्पोर्ट नावाच्या आनुवंशिक आजारात बघितलं, तेही २०२२ मध्ये थांबलं. कारण काय, तर ताईंचा तो बैल नुसता पिकात घुसणारा नाही, नांगरही तोच ओढतो. टीजीएफ-बीटा दाह आटोक्यात ठेवतो, कॅन्सरच्या पेशींनाही सुरुवातीला दाबून ठेवतो. पूर्ण बांधून घातला तर दुसरीकडं घोळ. आणि उंदराची एक मूत्रनलिका आम्ही दोऱ्यानं बांधतो, दहा-चौदा दिवसांत किडनी निळी. तुमच्या बाबांची चौदा वर्षांत झालीय. दोन आठवड्यांच्या वणावर चाललेलं औषध चौदा वर्षांच्या, सांधून कडक झालेल्या वणावर चालेलच असं का धरावं? हे आमच्या लॅबमीटिंगमध्ये बोललं की सगळे गप्प बसतात.


वाळव्याचा_आण्णा

पोरी येक विचारतो. आमचं चोपण रान परत आलं. जमिनीखाली भोकं पाडलेली पाइप गाडली, निचरा केला, तीन-चार वर्सांनी हरभरा आला, मग ऊस. किडनी परत येत न्हाई का?


अजिंक्यतारा_लॅब

आण्णा, प्रश्न लाखाचा आहे. गेलेला नेफ्रॉन परत येत नाही, माणसात नवे नेफ्रॉन जन्मानंतर तयारच होत नाहीत. पण मधलं कोलॅजन अजिबात विरघळत नाही असंही नाही. टाइप १ शुगरच्या आठ पेशंटना स्वादुपिंड बदलून दिलं होतं, शुगर पूर्ण नॉर्मल. पाच वर्षांनी बायॉप्सी केली, काहीच सुधारणा नाही. त्याच पेशंटची दहा वर्षांनी केली तर जाड झालेल्या गाळण्या पुष्कळशा पूर्ववत. १९९८ मध्ये छापून आलं. पुढं त्यांच्याच नळ्यांमधली जागाही बघितली, तिथलं कोलॅजनही कमी झालेलं. फक्त त्या किडन्या सुरुवातीला फार ढासळलेल्या नव्हत्या, आणि दहा वर्षं लागली. तुमच्या रानाला तीन-चार लागली.


कृष्णाकाठ_७९

अपडेट देतो, कुणी मागाहून वाचलं तर. काल गेलो होतो. सांगितलं की मी गोळी बंद केली होती. डॉक्टर ओरडले नाहीत, नुसतं माझ्याकडं बघितलं, ते जास्त लागलं. पोटॅशियम ४.७ आहे, डॅपा परत चालू, टेल्मिसार्टन तसंच, तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. २.६ आलं तर घाबरून फोन करायचा नाही, ३ च्या वर गेलं तर करायचा असं त्यांनी फाइलवरच लिहून दिलं, नंबरसकट. फिनेरेनॉनचं पोटॅशियम बघून पुढच्या वेळी ठरवू म्हणाले.

बाबांनी डॉक्टरांना विचारलं, "तो मुसकं काढणारा आकडा कमी करायची गोळी कधी येणार?" डॉक्टरांना काही कळेना, मग मी मोबाईल काढून हा धागा दाखवला.

काढा बंद झालाय. आत्या बोलत नाहीत माझ्याशी, पण कॅप्सूलची बाटली फ्रिजवरनं हललीय, कुठं गेली ते अजून सापडलं नाही, शोधतोय.